वस्तादांची वरून खाली धावणारी फाईल

वस्ताद आयुष्यात कधी कुस्ती खेळले नव्हते. भांडणाचा आवाज कानी आला की दुसऱ्या गल्लीने घरी जाणारा हा माणूस. पण डायलिसिस केंद्रात फार वर्षांपूर्वी एक मशीन काही केल्या कोकलायचं थांबेना. डॉक्टर हैराण, सिस्टर हैराण. तेव्हा हे गृहस्थ शांतपणे आले, मशीनमागे वाकले, नळीला पडलेली घडी बोटाने सरळ केली आणि मशीन गप्प. खुर्चीतला पेशंट म्हणाला, "वस्ताद आहात!" तेव्हापासून त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं.

केंद्र म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना लागून मशीनं, प्रत्येक मशीनशेजारी मागे रेलणारी एक खुर्ची, टोकाला वजनकाटा आणि काचेच्या भिंतीमागे पाणी शुद्ध करणारा प्लांट. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांचं रक्त ही मशीनं धुऊन परत देतात. एका बैठकीला चार तास लागतात, आणि आठवड्यातून तीनदा यावंच लागतं. यात 'आज कंटाळा आला, उद्या बघू' चालत नाही. वस्ताद तिथले सगळ्यात जुने टेक्निशियन. मशीन लावणं, धुणं, नळ्या जोडणं हे त्यांचं काम होतंच, पण त्यांचा खरा मान वेगळ्याच गोष्टीत होता. कोण कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला, हे वस्तादांची फाईल ठरवायची.

पूर्वी हे सगळं एका पांढऱ्या फळ्यावर चाले. कुणाची बाही फळ्याला घासली की दोन पेशंट एका मशीनवर. पंचेचाळिशी उलटल्यावर वस्तादांना हुक्की आली. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून, चुकत, अडत, स्वतःवरच चिडत ते कोड लिहायला शिकले आणि त्यांनी ही फाईल लिहिली. फळा भिंतीवरून खाली उतरला त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. तो दिवस वस्ताद अजून विसरले नव्हते, आणि ऐकणारा भेटला तर त्यालाही विसरू देत नव्हते.

फाईल पहिल्या ओळीला सुरू व्हायची आणि शेवटच्या ओळीपर्यंत धावत सुटायची. आधी पेशंटची नावं वाचायची, मग मशीनं बघायची, मग वार, मग कोण कुठे ते ठरवायचं, मग दाराला लावायचा कागद छापायचा आणि सर्वात शेवटी प्रत्येकाच्या फोनवर मेसेज पाठवायचा. मधे कुठे थांबा नाही. एखादं मशीन बंद पडलं तर काय? वस्तादांनी मधला सगळा भाग कॉपी केला, खाली चिकटवला आणि त्यात एक मशीन कमी केलं. रविवारसाठी पुन्हा तोच भाग कॉपी. प्लांटच्या सफाईच्या दिवसासाठी पुन्हा कॉपी. फाईल अशी वाढत गेली की तळ गाठायला माउसचं चाक फिरवून फिरवून बोट दुखावं.

मग रोज संध्याकाळी वस्ताद काय करत? ओळीच्या आधी एक खूण टाकली की ती ओळ झोपते, खूण काढली की जागी होते. त्या दिवशी नको असलेला भाग ते झोपवत, हवा तो जागा करत आणि बटण दाबत. कुठल्या दिवशी कुणाला झोपवायचं हे त्यांच्या डोक्यात होतं. लिहून कुठेच ठेवलेलं नव्हतं. लिहायचं कशाला, आपण आहोत की, असा त्यांचा हिशेब.

आपण आहोत की! या तीन शब्दांनी माणसाचं किती नुकसान होतं हे ज्याचं त्यालाच उशिरा कळतं. वस्ताद तापात मफलर गुंडाळून कामावर आले. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला सकाळी गेले आणि जेवणाची पानं उठायच्या आत परतले. त्यांची बायको एरवी सोशिक, पण जीभ तिखट. ती म्हणे, "अहो, तुमची ती फाईल म्हणजे माझी सवत आहे. सवत परवडली, तिला निदान चार दिवस माहेरी तरी धाडता येतं."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण ताई होती.

ताई म्हणजे वस्तादांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा वस्ताद बोट धरून चालायच्या वयाचे होते. त्यांना न्हाऊ घालणं, भरवणं, रडले की कडेवर घेऊन फिरणं, सगळं ताईने केलं, आणि तेव्हा ती स्वतः शाळेत जाणारी पोर होती. पुढे टेक्निशियनच्या परीक्षेला ती त्यांच्यासोबत आली आणि पेपर संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिली. पेपर कसा गेला हे तिने विचारलंच नाही. आधी पाण्याची बाटली पुढे केली. आता ती रेल्वेने एक दिवसाच्या अंतरावर, दुसऱ्या शहरात लेकीकडे राहत होती.

एके दिवशी त्या लेकीचा, म्हणजे वस्तादांच्या भाचीचा फोन आला.

"मामा, आई विसरायला लागलीय रे. काल मलाच विचारत होती, तू कुणाची गं? तुझं नाव अजून काढते. तोवर येऊन जा."

"येतो गं. पुढच्या महिन्यात नक्की."

"हेच तू गेल्या वेळीही म्हणालास."

"अगं, इथे ते शिफ्टचं सगळं माझ्याकडे आहे. पेशंट आहेत. मी आलो तर कोण बघणार?"

पुढचा महिना आला, आणि त्याने बोट त्याच्याही पुढच्या महिन्याकडे दाखवलं. ताई ओळखते आहे तोवर तिच्यासमोर जाऊन बसावं, एवढंच वस्तादांना हवं होतं. त्यासाठी आठवडाभर केंद्र सोडणं भाग होतं, आणि फाईल त्यांना एक संध्याकाळही सोडत नव्हती.

गंमत अशी की यावरचं औषध घरातच होतं. वस्तादांची सून कोड लिहूनच पोट भरायची. घरातल्या मागच्या खोलीत टेबल मांडून, कानाला हेडफोन लावून ती दिवसभर काम करायची. तिने फाईल बघू का म्हणून दोनदा विचारलं होतं. वस्ताद म्हणाले, "चाललंय ना? मग चालू दे." सुनेने सासऱ्याच्या कामात खोट काढायची म्हणजे काय! ते हे बोलले नाहीत, पण सुनेला ऐकू आलं आणि तिने विषय सोडला.

मग एका रविवारी भाचीने फोन ताईच्या हातात दिला. ताईचा आवाज तोच होता, खणखणीत. ती म्हणाली, "भावजी, जेवण झालं का?" ताईचे धाकटे दीर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. वस्ताद म्हणाले, "हो, झालं." त्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी लॅपटॉप उचलला आणि मागच्या खोलीचं दार वाजवलं.

"सूनबाई, मोकळी आहेस का जरा?"

सुनेने हेडफोन काढले. फाईल वर-खाली फिरवून पाहिली, बराच वेळ. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

"बाबा, एकच काम तुम्ही किती ठिकाणी चिकटवलंय! हे एकदाच लिहायचं. त्याला नाव द्यायचं. त्याला म्हणायचं फंक्शन. मग हवं तिथे नुसती नावाने हाक मारायची."

"म्हणजे कॉपी करायला नको?"

"अजिबात नको. दुसऱ्या फाईलमधूनसुद्धा हाक मारता येते. वर एक ओळ लिहायची, ही फाईल इम्पोर्ट कर, की तिच्यातलं सगळं हाताशी." तेवढ्यात तिची मीटिंग सुरू झाली. "आपण उद्या संध्याकाळी नीट बसू हां. तोवर कशाला हात लावू नका."

शेवटचं वाक्य वस्तादांनी कानाआड केलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्रातल्या मोठ्या सिस्टर त्यांच्या टेबलाशी आल्या. रक्त गाळायच्या फिल्टरांची मागणी पाठवायची होती. आठवडाभरात किती बैठका होणार तो आकडा त्यांना हवा होता. एरवी वस्तादांनी फाईलमधला तुकडा कॉपी केला असता. पण आता ते शहाणे झाले होते. त्यांनी एक नवी कोरी फाईल उघडली, वर ऐटीत जुनी फाईल इम्पोर्ट करायची ओळ लिहिली, खाली आकडा मोजायच्या दोन ओळी लिहिल्या, सिस्टरना म्हणाले, "बघा आता, कॉपी नाही का बिपी नाही," आणि बटण दाबलं.

आता इथे गोम होती. नावं दिलेली कामं असती तर ती हाक मारेपर्यंत पडून राहिली असती. वस्तादांच्या जुन्या फाईलमध्ये तसं एकही काम नव्हतं. होत्या त्या नुसत्या ओळी, एकीखाली एक. अशी फाईल इम्पोर्ट करायला गेलं की ती पहिल्या ओळीला उठते आणि सवयीप्रमाणे शेवटपर्यंत धावते. त्यात भर म्हणजे पुढच्या आठवड्यात प्लांटची सफाई होती, म्हणून सकाळीच वस्तादांनी त्या दिवसाच्या ओळी जाग्या करून नुसत्या वाचून पाहिल्या होत्या. मधेच एका मशीनने बोंब ठोकली आणि ते तसंच सोडून पळाले होते.

पहिला फोन खिडकीजवळच्या खुर्चीत वाजला. टिंग. मग त्याच्या शेजारी. मग समोरच्या रांगेत. टिंग, टिंग, टिंग करत आवाज खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. हाताला नळ्या लावलेल्या माणसांनी मोकळ्या हाताने फोन वर केले.

"वस्ताद, उद्या बंद?"

मेसेज असा होता: पाण्याच्या प्लांटच्या सफाईमुळे उद्या केंद्र बंद राहील, आपण परवा यावे. तो गावभरच्या सगळ्या पेशंटना गेला होता.

एक दिवस चुकला तर काही जणांच्या फुप्फुसात पाणी चढतं, हे त्यांना पुस्तकातून नव्हे, डोळ्यांनी पाहून माहीत होतं. त्यांनी घाईघाईने दुसरा मेसेज पाठवला: आधीचा मेसेज चुकीचा आहे. त्यावर लोकांचे फोन सुरू झाले, की यातला खरा कुठला? कुणी म्हणे हा दुसराच चुकीचा असेल. शेवटी सिस्टर एका फोनवर आणि वस्ताद दुसऱ्यावर बसले आणि एकेकाला स्वतःच्या तोंडाने सांगत सुटले. सिस्टर त्यांच्यावर ओरडल्या असत्या तर वस्तादांना बरं वाटलं असतं.

एकच फोन लागेना. ड्रॉइंग मास्तरांचा. एके काळी शाळेत चित्रकला शिकवायचे, आता एकटेच राहायचे. संध्याकाळी उजेड होता तोवरच वस्ताद त्यांच्या इमारतीपाशी पोचले आणि तीन मजले चढून गेले. दार मास्तरांनीच उघडलं. ओठ कोरडे पडलेले. टेबलावर अर्धा पेला पाणी, त्यावर बशी झाकलेली.

"वस्ताद! तुम्ही इकडे कुठे?"

"फोन का लागत नाही मास्तर?"

"चार्जिंग संपलं, आणि वायर सापडेना. मेसेज मिळाला की तुमचा, दुपारीच. परवा यायचं ना? म्हणून तेव्हापासून पाणी तोडलंय. एक दिवस जास्त काढायचा तर अंगात पाणी साठायला नको." मास्तरांनी बशी उचलून पेला दाखवला. त्यांना शाबासकी हवी होती. "दुपारपासून फक्त एवढंच प्यालोय."

वस्तादांनी सांगितलं की मेसेज चुकला, उद्याच यायचं, नेहमीच्या वेळेला.

"तुमचा मेसेज चुकला?" मास्तर हसले. "काहीतरीच. तुम्ही चुकत नाही वस्ताद."

"चुकलो मास्तर," वस्ताद म्हणाले. "पाणी प्या. घोट घोट, पण प्या." मास्तर पेला संपवेपर्यंत ते समोर उभे राहिले. मग त्यांच्या फोनची वायर शोधून दिली. ती उशीच्या अभ्र्यात होती.

घरी येऊन त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. मास्तरांचा अर्धा पेलाही सांगितला. सून उठून पाणी घेऊन आली.

"चूक माझीही आहे बाबा," ती म्हणाली. "अर्धवट सांगून मी मीटिंगला पळाले. तुमची फाईल कशी आहे ठाऊक आहे का? घरात पाऊल टाकलं की सगळे नळ सुरू, गिझर सुरू, टीव्ही सुरू. आणि आलेल्या माणसाला फक्त दारामागची छत्री न्यायची होती."

वस्तादांना त्याही परिस्थितीत हसू आलं. मग ते म्हणाले, "शिकव. पहिल्यापासून."

त्यानंतर रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ताटं उचलली की लॅपटॉप मांडला जाई. सून एका तुकड्यावर बोट ठेवून विचारायची, "हे काय करतं?" वस्ताद सांगायला लागायचे, की हे आधी वार बघतं, मग बंद मशीनं बाजूला काढतं, मग पेशंट बसवतं, मग... सून म्हणायची, "मग-मग नको. एकात तीन कामं आहेत. तिन्हींना वेगळी नावं द्या." नावं द्यायची म्हटल्यावर वस्ताद अडायचे. काम काय आहे हे नेमकं कळल्याशिवाय नाव सुचत नाही, आणि इतकी वर्षं आपण काय करत होतो हे त्यांना तुकड्यातुकड्यानेच कळत चाललं होतं. 'बंद मशीन वगळ'. 'पेशंट बसव'. 'कागद छाप'. 'मेसेज तयार कर'. आणि अगदी वेगळं, एकटं, 'मेसेज पाठव'. वस्तादांनी त्यात स्वतः एक भर घातली. पाठवण्याआधी ते फंक्शन थांबून विचारायचं: इतक्या लोकांना हा मेसेज जाईल, पाठवू का?

लाजिरवाणं बरंच निघालं. शिफ्टच्या वेळा मागे एकदा बदलल्या होत्या. ती दुरुस्ती काही तुकड्यांत झाली होती, काहींत राहून गेली होती. एका तुकड्यात तर भंगारात गेलेलं मशीन अजून पेशंटची वाट बघत होतं. एका ओळीवर वस्तादांनीच लिहून ठेवलं होतं, 'इथे कोणीही हात लावू नये'. का, ते त्यांनाही आठवेना. दोघांनी ती ओळ जीव मुठीत धरून काढली, बनावट पेशंट घालून फाईल चालवली आणि बघत बसले. काहीही झालं नाही. बायको भांडी विसळता विसळता म्हणाली, "घरातल्या अर्ध्या नियमांचं असंच असतं."

सर्वात तळाशी सुनेने दोन ओळी लिहिल्या. ही फाईल कुणी थेट चालवली, तरच कामाला लागायचं. कुणी नुसतं काही मागायला आलं, तर तेवढं द्यायचं आणि गप्प बसायचं.

"एक सांगू?" वस्ताद म्हणाले. "आता हे कुणालाही चालवता येईल."

"तेच तर हवंय ना, बाबा?"

"हवंय गं. पण मग मी कोण?"

सुनेने समजूत घातली नाही, आणि हे तिचं मला आवडतं. अशा वेळी लोक काहीतरी गोड बोलून मोकळे होतात. ती म्हणाली, "मी नोकरीला लागले तेव्हा मलाही असंच वाटायचं. आपण नसलो की सगळं अडलं पाहिजे. अडायचंही. आणि मग मी सुट्टीत आजोळी जाऊनसुद्धा लॅपटॉपच मांडीवर घेऊन बसायचे. आजोळ पाहिलंच नाही मी." मग तिने लॅपटॉप मिटला. "तुम्हाला आत्याबाईंकडे जायचंय ना?"

पुढची पायरी होती सिस्टर. "मला त्यातलं ओ का ठो कळत नाही," असं म्हणून त्यांनी आधी हात झटकले. वस्तादांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. कुठलं मशीन बंद आहे ते लिहायचं, उद्याचा वार बघायचा, बटण दाबायचं, विचारलं की वाचून 'हो' म्हणायचं. सिस्टरांचं बोट चुकीच्या बटणाकडे गेलं की वस्तादांचा हात आपोआप पुढे जायचा. शेवटी त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. पहिल्या दिवशी सिस्टरनी खूप विचारलं, मग कमी, मग एखादंच.

आणि मग एका संध्याकाळी वस्ताद प्लांटच्या खोलीत नळ्या धूत होते. हाक येईल म्हणून त्यांनी नळ बारीक ठेवला होता. हाक आली नाही. हात पुसून बाहेर येऊन बघतात तर कागद दाराला लागलेला, मेसेज गेलेले आणि सिस्टर पर्स काखोटीला मारून घरी निघालेल्या.

"झालं?" वस्तादांनी विचारलं.

"हो, मघाशीच. का?"

"नाही, काही नाही."

त्यांना वाईट वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. कागद त्यांनी दोनदा तपासला. चूक सापडली असती तर त्या क्षणी त्यांना आवडलं असतं. सापडली नाही. मग मात्र जीव भांड्यात पडला, आणि घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं की बॅग काढ.

गाडीत त्यांनी फोन हातातच धरून ठेवला होता. शेतं गेली, पूल गेले, अनोळखी स्टेशनं गेली. फोन वाजला एकदाच, तो बायकोचा, डबा खाल्लात का म्हणून. केंद्रातून काही नाही. संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या शिफ्ट लावायची वेळ येऊन गेली तेव्हा वस्तादांनी फोन खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने दार उघडलं आणि त्यांना पाहून तिने हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं. ताई आतल्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. पांढरे केस नीट विंचरलेले, पायांवर घडी घातलेली चादर. किती लहान झाली होती! तिने वस्तादांकडे पाहिलं आणि पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली, "बसा."

"आई, बघ कोण आलंय," भाची म्हणाली. "मामा आलाय."

ताईने वस्तादांच्या खांद्यावरून मागे दाराकडे पाहिलं. "कुठंय?"

भाची तोंडाला पदर लावून आत निघून गेली. वस्ताद स्टुलावर बसले. त्यांना ताईच्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं. पण अनोळखी माणसाने असं करायचं नसतं, म्हणून ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

ताईला पाहुण्याला ताटकळत ठेवणं कधी जमलं नव्हतं. तीच बोलायला लागली.

"लांबून आलात का?"

"हो. गाडीने."

"माझा भाऊ असतो लांब. मोठ्या दवाखान्यात. तिथे माणसांचं रक्त धुतात." तिने आवाज थोडा खाली आणला, कौतुकाचं सांगताना आणतात तसा. "त्याच्यावाचून तिथलं पान हलत नाही. म्हणून येता येत नाही त्याला. नाहीतर आला असता."

वस्तादांचा चेहरा तिच्या मनातून पुसला गेला होता. पण इतक्या वर्षांत त्यांनी फोनवर सांगितलेली सबब जशीच्या तशी शिल्लक होती. ती सबब आहे हे तिला कधी कळलंच नव्हतं. तिने ती भावाचा मोठेपणा म्हणून सांभाळली होती आणि आल्यागेल्याला सांगितली होती.

"मी त्याच दवाखान्यातला आहे," वस्ताद म्हणाले.

ताईचे डोळे लकाकले. ती खुर्चीत पुढे सरकली. "हो? मग कसा आहे तो? वेळेवर जेवतो ना?"

"जेवतो."

"आणि तुम्ही इकडे आलात, तर तिथलं काम कोण बघतंय?"

"बघतात, ताई. आता सगळं नीट लावून दिलंय. कुणीही बसलं तरी चालतं. एका माणसावाचून काही अडत नाही."

ताईने मान हलवली. मग ती थबकली. कपाळाला बारीक आठी घालून ती वस्तादांकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, फक्त काहीतरी जुळत नव्हतं.

"अहो, मग त्यालाच का नाही पाठवलंत?" तिने विचारलं.